तुळशीशेजारी पुरलेला नळ

मी एक जुना लोखंडी नळ आहे. अंगावर जस्ताचा मुलामा, लांबी सहा फूट आणि तोंडावर पत्र्याचे एक नरसाळे. एवढे ऐकून तुम्हाला वाटेल की माझ्यातून पाणी कुठेतरी जात असेल, कोणाच्या बादलीत, कोणाच्या स्वयंपाकघरात. मित्रांनो, तसे नाही. माझ्यात ओतलेले पाणी माझ्या अंगावरच्या भोकांतून बाहेर पडते आणि भोवतालच्या मातीत मुरून जाते. कलकत्त्यात, बालीगंजमधल्या वझ्यांच्या घरामागच्या अंगणात मी उभा पुरलेला आहे. माझे तोंड तेवढे जमिनीच्या पातळीला, विटांच्या एका चौकोनी खळग्यात असते. त्यावर भोके असलेले लोखंडी झाकण आहे. त्या भोकांतून मला थोडे आकाश दिसते आणि अंगणातले सगळे बोलणे ऐकू येते.

माझा जन्म गंगेपलीकडे, हावड्याच्या एका कारखान्यात झाला. तापून लाल झालेली पट्टी वाकवून तिच्या कडा जोडल्या आणि मग मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. आम्ही शंभरेक भाऊ एका थरात ठेवलेले होतो. दुकानात आलो तेव्हा प्रत्येकजण आपापली स्वप्ने सांगत असे. कोणाला इस्पितळात जायचे होते, कोणाला शाळेत. मला फक्त स्वच्छ पाणी वाहून न्यायचे होते, मग ते कुठेही असो.

१९७१ सालच्या नोव्हेंबरात श्यामसुंदर मिस्त्री दुकानात आला. तो बजबजचा राहणारा. रोज सकाळच्या लोकलने यायचा आणि हातातल्या कापडी पिशवीत पक्कड, पेचकस, चिकटपट्टी आणि मुरमुऱ्यांची पुडी घेऊन घरोघरी विजेची कामे करायचा. त्याने मला उचलले, फुटपाथवर आडवे ठेवले आणि माझ्या अंगाला भोके पाडायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, वीस. भोक पडलेल्या नळाची जागा भंगारात असते, हे आम्हा भावंडांना जन्मापासून माहीत होते. आपले आयुष्य सुरू होण्याआधीच संपले असे मला वाटले.

मला कशासाठी आणले होते, ते वझ्यांच्या अंगणात आल्यावर कळले.

दिनकरराव वझे एस्प्लनेडला एका विमा कचेरीत काम करीत. त्यांचे आजोबा इकडे आले, त्यामुळे दिनकररावांचा जन्म इथलाच. त्यांच्या पत्नी शारदाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांची मुलगी लीना तेव्हा नऊ वर्षांची होती. ती घरात मराठी, गल्लीत बंगाली आणि रागावली की हिंदी बोलत असे. घरातली चौथी व्यक्ती म्हणजे दिनकररावांची थोरली बहीण, कमलआत्या. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच राहत. मागच्या अंगणात एक दिवा लागणार होता, तो त्यांच्यासाठी.

घराचे नळकोंडाळे मागच्या अंगणात होते. आत्या पहाटे उठत, तिथे तोंड धुवत, तांब्या भरून अंगणातल्या तुळशीला पाणी घालत. त्यांचा डावा गुडघा धरलेला असे. पावसाळ्यात त्या अंधारात एकदा पडल्या होत्या. म्हणून कोंडाळ्याशेजारी एक लोखंडी खांब उभा करायचा, त्यावर काचेच्या घुमटातला दिवा बसवायचा आणि वाकताना-उठताना आत्यांना धरायलाही तोच खांब होईल, असे ठरले होते.

"दिवाच लावायचा आहे ना," दिनकरराव म्हणाले, "दोन तारा आणि एक बल्ब. ही तिसरी तार कशाला?"

"खांब लोखंडाचा आहे," शारदाबाई म्हणाल्या. "वन्सं ओल्या हातानं तो धरणार."

"म्हणून?"

"म्हणून तिसरी तार."

"शाळेतल्या मुलींनाही असंच उत्तर देतेस का?"

"मुली एकदा सांगितलं की लिहून घेतात."

पण मग त्यांनी नीट सांगितले, आणि माझे काम मलाही तेव्हाच समजले. दिव्याच्या तारेवरची साल कधी फाटली आणि उघडी तार खांबाला लागली, तर खांबात वीज उतरते. तिला जमिनीत जायचे असते. तिसरी तार खांबापासून माझ्यापर्यंत येते. माझ्यातून जमिनीत जायची वाट सोपी असेल, तर वीज एवढ्या जोराने धावते की मेन स्विचजवळच्या फ्यूजमधली बारीक तार वितळते आणि वीज आपोआप बंद होते. वाट सोपी नसेल, तर वीज खांबातच थांबून राहते. मग ज्याचा हात खांबाला लागेल, त्याच्या अंगातून ती जमिनीत जाते.

म्हणजे कमलआत्यांचा ओला हात सुरक्षित ठेवणे, एवढेच माझे काम होते. भोके पडल्याचे दुःख मी त्या दिवशी विसरलो.

जागा शारदाबाईंनी निवडली. "अर्थिंगची माती कायम ओली राहिली पाहिजे," त्या म्हणाल्या. "वन्सं रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. तिच्या शेजारीच खड्डा घे. वेगळी आठवण ठेवायला नको."

श्यामसुंदरने दोन हात खणल्यावर मान हलवली. शारदाबाईंना तो बऊदी, म्हणजे वहिनी, म्हणायचा. "बऊदी, यहाँ का माटी ठीक नहीं. पहले पुकुर था, तालाब, ईंट का टुकड़ा डालके भर दिया. पानी रुकेगा नहीं. रोज देना पड़ेगा."

"रोज मिलेगा," शारदाबाई म्हणाल्या.

मग मला खड्ड्यात उभे केले. माझ्याभोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. कोळसा पाणी धरून ठेवतो आणि खारट ओल वीज चांगली वाहून नेते. जाड्या मिठाचे पोते रिकामे होताना पाहून कमलआत्या पायरीवरून म्हणाल्या, "श्यामसुंदर, नल का अचार डाल रहे हो क्या?"

"हाँ पिशीमा," आत्यांना बंगालीत हाक मारत तो हसत म्हणाला, "बीस साल टिकेगा."

शारदाबाईही हसल्या. त्या वेळी तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकालाही शेजारच्या तुळशीच्या मुळांची आठवण झाली नाही.

दिवा लागला आणि महिन्याभरातच युद्ध सुरू झाले. घुमटावर काळा कागद चढला, आणि थोड्या दिवसांनी उतरला. मग आमचे शांत आयुष्य सुरू झाले. पहाटे आत्यांच्या चपलांचा आवाज यायचा. त्या अंगणात पाय ठेवण्याआधी चपला पायरीवर काढून ठेवत, कारण तुळशीजवळ चप्पल चालत नसे. मग खांबाला हात, गुळण्या, तांब्या आणि तुळशीशी गप्पा. गप्पा साध्या असत. काल मासळीवाल्याने दारात किती गोंधळ घातला, दिनूचा खोकला, लीनाने मराठीत लिहिलेले पत्र. तुळशीला घातलेले पाणी झिरपत माझ्यापर्यंत यायचे. माती ओली, तार घट्ट. मी रोज तयार असे आणि रोज काहीच घडत नसे. माझ्या कामात काही न घडणे हेच चांगले, हे मला हळूहळू कळले.

पण फेब्रुवारीत तुळशीची पाने कडेने करपू लागली. आत्या घाबरल्या. त्यांनी पाणी वाढवले. एका तांब्याचे दोन झाले, दोनाचे तीन. मित्रांनो, मी खाली होतो आणि मला सगळे समजत होते. जितके पाणी जास्त, तितके मीठ जास्त विरघळत होते आणि तितके ते मुळांपर्यंत पोहोचत होते. पण नळाला बोलता येत नाही. मार्च संपता संपता तुळस वाळली.

त्या दिवशी दुपारी शारदाबाई एकट्याच अंगणात आल्या. वाफ्यातल्या मातीवर पांढरट पापुद्रा आला होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि जिभेच्या टोकाला लावला. तो खारट होता. सातवीच्या मुलींना त्या दर वर्षी एक प्रयोग दाखवीत. बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात ठेवायची आणि तासाभराने ती मऊ का पडली ते सांगायचे. फोडीतले पाणी मीठ ओढून घेते. ज्या गोष्टीवर त्या मुलींचे गुण कापत, तीच गोष्ट त्या स्वतः विसरल्या होत्या. आणि ती तुळस आत्यांच्या आईच्या हातच्या बियांची होती.

संध्याकाळी आत्या पायरीवर बसून दिनकररावांना म्हणाल्या, "दिव्यानं गेली रे ती. माझ्यासाठी रात्र रात्र उजेड. झाडालाही झोप लागते. मला दिवा हवा झाला, म्हणून गेली."

"ताई, काहीतरीच काय," दिनकरराव म्हणाले. "मग ट्रामच्या रस्त्यावरची सगळी झाडं मेली असती."

शारदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. ते मला झाकणाच्या भोकांतून दिसले.

नवी तुळस कुंडीत लावली, ती समोरच्या व्हरांड्यात. आत्या आता तिकडे पाणी घालू लागल्या. मागच्या अंगणात माझ्यासाठी पाणी उरले नाही.

शारदाबाईंना हे कळत होते. शाळेतून आल्यावर हातपाय धुतले की त्या एक मग पाणी माझ्या नरसाळ्यात ओतत आणि आत जात. वन्संना सांगितले असते, तर त्यांनी एक दिवसही चुकवले नसते. पण मग पाणी इथेच का, मीठ किती आणि तुळस कशाने गेली, हे सगळेच सांगावे लागले असते. म्हणून त्या एकट्याच पाणी घालत राहिल्या. परीक्षांचे पेपर आले की दोन-चार दिवस चुकत. पावसाळ्यात गरज नसे. असे एक वर्ष गेले.

१९७३ च्या मे महिन्यात नागपूरला दिनकररावांच्या चुलतभावाचे लग्न निघाले. तिघे महिनाभर जाणार होते. आत्यांचा गुडघा प्रवासाला तयार नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी शारदाबाईंनी अंगणातल्या पायरीवर बसून कागदावर यादी केली आणि वन्संना वाचून दाखवली. दुधाचे कार्ड कुठे आहे, रॉकेल कधी येते, पुढच्या दाराची कडी कशी लावायची, गुडघ्याचे तेल कोणत्या कपाटात आहे. शेवटी त्या थांबल्या.

"आणखी काही?" आत्यांनी विचारले.

"नाही," शारदाबाई म्हणाल्या. "एवढंच."

त्या कागदावर मी नव्हतो.

त्याच संध्याकाळी दिनकररावांनी स्टूल आणून काचेचा घुमट उघडला. आतला साठचा बल्ब काढून त्यांनी शंभराचा बसवला. "ताई एकटी असणार," ते लीनाला म्हणाले. "जरा लख्ख उजेड असू दे." शारदाबाईंनी दिवा बसवताना बजावले होते की घुमट बंद आहे, उष्णता बाहेर जात नाही, साठच्या वर बल्ब लावायचा नाही. पण त्या आत ट्रंक भरत होत्या, आणि दिनकररावांच्या मनात बहिणीची काळजी होती.

मग ते गेले, आणि उन्हाळा माझ्या भोवती उतरत गेला. अंगणाला सिमेंट केलेले होते. एकदा वादळ झाले, सरी आल्या, पण पाणी सिमेंटवरून उताराने नालीत निघून गेले. माझ्या झाकणाच्या भोकांत पाचोळा अडकला. विटांच्या तुकड्यांतली ओल आधी गेली, मग कोळशातली. माती माझ्या अंगापासून सुटू लागली. मातीचा हात सुटला की माझ्यासारखा नळ म्हणजे खड्ड्यात ठेवलेली एक काठी, दुसरे काही नाही.

आणि वर, काचेच्या बंद घुमटात, रोज पहाटे शंभराचा बल्ब तापत होता. तारेवरचे रबर कडक झाले, मग त्याला चिरा पडल्या. चिरेतून थोडी वीज खांबात उतरू लागली. ती तिसऱ्या तारेने माझ्यापर्यंत आली. मी घेता येईल तेवढी घेतली. ती फार थोडी होती. उरलेली खांबातच राहिली.

पहिल्या दिवशी आत्यांनी खांबावरचा हात झटकला आणि तळव्याकडे पाहिले. "वय झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर राहणाऱ्या सुचित्राबाईंनी खिडकीतून विचारले, "की होलो दीदी?" तर आत्या म्हणाल्या, "किछु ना." पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या गोणपाटाची एक लांब पट्टी फाडून आणली आणि हात धरायच्या जागी खांबाला गुंडाळून सुतळीने बांधली. कोरड्या गोणपाटातून मुंग्या कमी यायच्या. पण हात ओला असला की गोणपाटही ओले होई.

मी रोज पहाटे त्या चपलांच्या आवाजाची वाट पाहायचो आणि तो येऊ नये असेही मला वाटायचे.

महिन्याने तिघे परत आले. गाडी रात्री यायची ती उशिरा, उजाडल्यावर पोहोचली. त्यांची वाट पाहत आत्यांनी रात्रभर मागचा दिवा चालूच ठेवला होता. त्या रात्रभरच्या उष्णतेने तारेवरचे उरलेले रबरही गळून पडले आणि उघडी तार खांबाला पुरती टेकली. त्या वेळी आत्या आत चहाचे आधण ठेवत होत्या. सगळी वीज एकदम माझ्याकडे आली. मला ती घेता आली नाही. फ्यूजची तार तापलीही नाही. खांब तसाच उभा राहिला, वर दिवा जळत होता, आणि खांबाकडे पाहून कोणालाही काही कळले नसते.

टॅक्सीचे दार वाजले. प्रवासातून आले की पाय धुतल्याशिवाय घरात फिरायचे नाही, हा वझ्यांकडचा नियम. लीना तर आधीच चपला काढून अंगणात धावत आली.

"आत्या, मी येऊन गेली! नागपूरला किती गरम लागला!"

तिने तोटी सोडली. सिमेंटवर पाणी पसरले. एक पाय उचलून तिने धारेखाली धरला आणि तोल सावरायला हात खांबाकडे नेला.

"लीना, खांब नको," दारातून आत्या म्हणाल्या. "थांब. माझा हात धर."

लीनाचा हात तसाच राहिला. "का?"

"धर म्हटलं ना."

आत्या पायरी उतरून आल्या आणि त्यांनी तिचे मनगट धरले. मागे शारदाबाई हातातली ट्रंक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी आत्यांकडे पाहिले, मग खांबाकडे.

"वन्सं, हे गोणपाट कशाला बांधलंय?"

"गार लागतं हाताला."

"एवढ्या उकाड्यात?"

शारदाबाईंनी ट्रंक खाली ठेवली. "दोघी आहात तिथेच उभ्या राहा," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "खांबाला हात लावायचा नाही. तोटीलाही नाही." त्या आत गेल्या. मेन स्विचचा जड खटका पडल्याचा आवाज आला आणि दिवा विझला.

त्या परत आल्या आणि सरळ आत्यांसमोर उभ्या राहिल्या. "किती दिवस होतंय हे?"

"मुंग्या येतात गं थोड्या. पंधरा-वीस दिवस झाले असतील. वाटलं, वय झालं."

"सुचित्राबाईंना सांगायचं. श्यामसुंदरला निरोप पाठवायचा."

"काय सांगू?" आत्या म्हणाल्या. "माझ्यासाठी हौसेनं लावलेला दिवा मलाच चावतो म्हणून?"

दिनकरराव सामान ठेवून आले होते. त्यांनी वर घुमटाकडे पाहिले. "शंभराचा बल्ब मी लावला," ते म्हणाले. त्यांच्यावर कोणी रागावले नाही. मला वाटते, तेच त्यांना सर्वांत जड गेले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने श्यामसुंदर आला. मेन बंद असल्याची त्याने स्वतः खात्री केली आणि मगच तो स्टुलावर चढला. तारेवरचे रबर त्याच्या बोटांत टोस्टासारखे चुरले. त्याने तार कापून वेगळी केली. मग तो माझ्याकडे आला. झाकण उघडून त्याने पाचोळा काढला. नरसाळ्यात कोळ्याने जाळे केले होते.

पिशवीतून त्याने एक बल्ब काढला, त्याच्या होल्डरमधून दोन तारा लोंबत होत्या. सगळ्यांना लांब उभे करून, मेन सुरू करून, त्याने एक तार घरातल्या विजेला आणि दुसरी माझ्या तारेला लावली. माझ्यातून जमिनीत जायची वाट चांगली असेल, तर हा बल्ब नेहमीसारखा उजळायला हवा होता. तो विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला आणि तसाच राहिला. मित्रांनो, मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"बऊदी," श्यामसुंदर म्हणाला, "पानी किसने बंद किया?"

मग शारदाबाई आत्यांकडे वळल्या.

"वन्सं, तुळस दिव्यानं गेली नाही. मिठानं गेली. ह्या खड्ड्यातल्या. जागा मी दाखवली होती."

आत्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. माती चाखून पाहिली."

"सव्वा वर्ष झालं, शारदा."

"हो."

"सव्वा वर्ष मी त्या झाडाची माफी मागत्येय. रोज." आत्या पायरीवर बसल्या. गुडघा चोळत त्यांनी माझ्या उघड्या तोंडाकडे पाहिले. "आणि तू संध्याकाळी इथं मगभर पाणी ओतायचीस. मी खिडकीतून बघायची. मला वाटायचं, हिलाही तुळशीची आठवण येते."

"ती पण यायची," शारदाबाई म्हणाल्या.

"मी मुंग्यांचं बोलले नाही, तू मिठाचं बोलली नाहीस," आत्या म्हणाल्या. "काल ह्या पोरीचा हात कुठवर गेला होता, ते पाहिलंस ना?"

शारदाबाईंनी मान हलवली. लीना आईचा पदर धरून उभी होती. आत्या उठल्या, आत गेल्या आणि भरलेली बादली घेऊन आल्या. दिनकरराव पुढे झाले तर त्यांना म्हणाल्या, "तू बाजूला हो. तू बल्ब बघ." मग त्यांनी ती बादली माझ्या नरसाळ्यात रिकामी केली. मग दुसरी. मग तिसरी.

पाणी माझ्या अंगातून खाली गेले, भोकाभोकांतून बाहेर पडले. कोळशाने ते धरले. मातीने पुन्हा मला हात लावला. महिन्याभराची तहान होती, ती भागायला दुपार झाली.

दुपारभर श्यामसुंदरने काम केले. उष्णतेला टिकणारी नवी तार घातली, घुमटाखाली रबरी कडे बसवले म्हणजे पाणी आत जाणार नाही. माझ्या गळ्याशी असलेला, मिठाने खाल्लेला बोल्ट काढून नवा घट्ट आवळला. तिसरी तार खांबापासून माझ्यापर्यंत अखंड आहे, मध्ये कुठे जोड नाही, हे त्याने बोटांनी चाचपून पाहिले. तो नवे मीठ आणायला निघाला, तेव्हा शारदाबाई म्हणाल्या, "मीठ नको. कोळसा आणि पाणी पुरे." संध्याकाळी पुन्हा लोंबत्या तारांचा बल्ब लावला, तेव्हा तो पांढरा लख्ख उजळला. श्यामसुंदरने पिशवीतली मुरमुऱ्यांची पुडी सोडली आणि पहिली मूठ लीनाला दिली.

"रोज किती पाणी लागतं ह्याला?" आत्यांनी विचारले.

"तांब्याभर. पावसाळ्यात नाही," शारदाबाई म्हणाल्या.

"मग कागदावर लिही," आत्या म्हणाल्या. "आणि कशासाठी तेही लिही."

तो कागद अजून स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलेला आहे, असे मी ऐकतो.

त्यानंतर पहाटेचे पाणी दोघांत वाटले गेले. अर्धा तांब्या व्हरांड्यातल्या तुळशीला, आणि पूर्ण तांब्या मला. तुळशीकडच्या गप्पा तिकडे व्हरांड्यात होत, माझ्याकडे त्यांतल्या उरलेल्या येत. एकदा सुचित्राबाईंनी वरून विचारले की हा कोणता ठाकूर, रोज पाणी देता म्हणून? आत्या म्हणाल्या, "देव नाही, नळ आहे. पण कामाचा आहे." लीनाने त्याचे बंगालीत भाषांतर करून सांगितले आणि स्वतःची भर घातली. आत्यांना यायला उशीर झाला की ती ओरडायची, "आत्या, नळानं आज पाणी खाल्लं नाही!" तिचे मराठी कधीच पुरते सुधारले नाही, पण पाणी तिने कधी चुकवले नाही.

माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मी १९७८ च्या डिसेंबरात केले. ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपले. रात्री घुशीने भिंतीजवळ तारेची साल कुरतडून ठेवली होती आणि उघडी तार खांबाच्या पायाला टेकली होती. पहाटे आत्यांनी आतून बटण दाबले. वीज खांबात उतरली आणि त्याच क्षणी तिसऱ्या तारेने माझ्याकडे धावली. ह्या वेळी माझ्या भोवती ओली माती होती. मी ती सगळी घेतली. घरात फ्यूजची तार वितळली. दिवा एकदा चमकला आणि गेला.

"गेले वाटतं दिवे," आत्या म्हणाल्या. "ह्या लोडशेडिंगला वेळकाळ काही नाही." चपला पायरीवर काढून, अंधुक उजेडात त्या नेहमीसारख्या कोंडाळ्याशी आल्या, ओल्या हाताने त्यांनी खांब धरला आणि गुळण्या केल्या. मग तांब्या भरून माझ्यात ओतला.

शारदाबाई मागोमाग दारात आल्या. त्यांनी वर पाहिले. सुचित्राबाईंच्या खिडकीत दिवा जळत होता. त्या आत गेल्या. मेन बंद झाल्याचा खटका ऐकू आला, मग फ्यूज काढल्याचा आवाज. थोड्या वेळाने त्या हातात चिनी मातीचा तो फ्यूज घेऊन बाहेर आल्या. त्यावर काळा डाग होता. त्या खांबाकडे पाहत राहिल्या. आत्यांचा हात अजून खांबावर होता.

त्यांनी बादली भरली आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत माझ्यात ओतली.

"अगं, मी घातलं की आत्ताच तांब्याभर," आत्या म्हणाल्या.

"माहीत आहे," शारदाबाई म्हणाल्या. "दिवा लोडशेडिंगनं नाही गेला, वन्सं. बसा, सांगते."

मित्रांनो, आता मी पुष्कळ जुना झालो आहे. जस्त झिजले आहे, आणि एक दिवस श्यामसुंदर मला काढून माझ्या जागी दुसरा नळ पुरेल. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्या घराबाहेरही कुठे एखादा दिवा असेल, खांब असेल, आणि त्याच्या पायाशी माझ्यासारखा एखादा नळ पुरलेला असेल. तारांना आणि फ्यूजला तुम्ही हात लावू नका, ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. पण घरातल्या मोठ्यांना एवढे विचारा की तिसरी तार आहे का, आणि तिच्या टोकाच्या मातीला पाणी कोण घालते. आणि खांबाला, पंख्याला, कशालाही हात लागून कधी मुंग्या आल्या, तर गोणपाट बांधू नका. घरात जो पहिला भेटेल त्याला सांगा, त्याच दिवशी.